रूप बदलणाऱ्या खेळण्यांची पारख
(दहावी १९९३ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितले की, तू तुझ्या त्या ट्रान्सफॉर्मरबद्दल बोल. कार्यक्रमपत्रिकेत विषय छापून आला आणि दोघांचे फोन आले. एकाने विचारले, "महावितरणात कधी लागलास?" आपल्या भागात ट्रान्सफॉर्मर म्हटले की डोळ्यांसमोर रस्त्याकडेची डीपी येते, आणि पहिल्या पावसात ती उडाली की सगळी आळी अंधारात. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते आणि शेजारी बोईसरला आपण मेणबत्ती शोधतो, हा विनोद तुम्हाला नवा नाही. पण मी आज बोलणार आहे ते दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरबद्दल. हातात घेतला तर ट्रक, चार ठिकाणी दुमडला, फिरवला की रोबो.

आपण शाळेत होतो तेव्हा दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' लागायचा. तो रूप बदलत नव्हता, पण रोबो म्हणजे काय ते आपल्याला त्यानेच शिकवले. जत्रेत मिळायचे ते रोबो बिननावाचे, पातळ प्लॅस्टिकचे. घरी पोहोचेपर्यंत एक हात निखळायचा. खरी वस्तू पालघरच्या कचेरी रोडवर मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ज्यांचे काका-मामा परदेशी होते त्यांच्याकडे एखादी असायची, आणि ती शोकेसच्या काचेआड, कुलपात.

या खेळण्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पारख तिथूनच सुरू होते. जपानच्या ताकारा कंपनीने १९८० मध्ये 'डायाक्लोन' नावाची खेळणी काढली. गाडीचा रोबो व्हायचा आणि आत बसायला अंगठ्याएवढा चालक असायचा. पुढे त्याच कंपनीच्या 'मायक्रो चेंज' मालिकेत कॅसेट प्लेअर, पिस्तूल अशा घरात दिसणाऱ्या वस्तू रोबो होऊ लागल्या. अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने या दोन्हींचे साचे घेतले, मार्व्हलच्या लेखकांकडून प्रत्येकाला नाव, स्वभाव आणि गोष्ट लिहून घेतली, आणि १९८४ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' बाजारात आले. हॅस्ब्रोला हे पटवून देणारे गृहस्थ हेन्री ओरेनस्टीन. पोलंडमध्ये जन्मलेले, नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले, आणि पुढे अमेरिकेत खेळण्यांचे संशोधक झालेले. १९८४ च्या काही गाड्यांत आजही चालकाची रिकामी जागा दिसते. चालक गेला, कारण गोष्ट बदलली. आता गाडी स्वतःच जिवंत होती. जुना साचा बोलतो तो असा.

आपल्या बाजूचा धागाही सांगायला हवा. मद्रासची एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये फनस्कूल ही कंपनी काढली. तिचा कारखाना गोव्यात. तिथे तयार झालेले 'जी. आय. जो'चे सैनिक आपल्यापैकी काहींनी खेळले असतील. त्यांचे रंग अमेरिकेतल्या मूळ रंगांपेक्षा वेगळे असायचे, आणि त्या वेगळेपणासाठीच आज परदेशातले संग्राहक ते शोधत असतात. आपल्याकडे माळ्यावर धूळ खात पडलेली वस्तू दुसऱ्या कोणासाठी दुर्मीळ असू शकते, एवढे यातून लक्षात ठेवा.

आता मुद्द्यावर येतो. मी नोकरी करतो तारापूर एमआयडीसीत, प्लॅस्टिक मोल्डिंगच्या टूलरूममध्ये. पंचवीस वर्षे साच्यांशी संबंध. त्यामुळे खेळणे हातात आले की मी आधी ते खेळणे म्हणून पाहत नाही, मोल्डमधून निघालेला पार्ट म्हणून पाहतो. लोक मला विचारतात, अस्सल कसे ओळखायचे आणि किंमत कशी ठरवायची. त्याच्या पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी, ओळख. पायाखाली किंवा पाठीवर कंपनीचे नाव आणि साल कोरलेले असते. ते साल बहुतेक वेळा रचनेचे असते, ते खेळणे तयार झाल्याचे नव्हे. १९८४ लिहिलेली वस्तू वीस वर्षांनी पुन्हा काढलेली असू शकते. साल पाहून जो भाव सांगतो, त्याच्यापासून दूर राहा.

दुसरी पायरी, अस्सल की नक्कल. नक्कल करणारा कित्येकदा मूळ खेळण्याचे भाग घेऊन त्यांवरूनच नवा साचा बनवतो. प्लॅस्टिक थंड होताना आकसते. एबीएस प्लॅस्टिक साधारण अर्धा टक्का आकसते, म्हणजे १०० मिलिमीटरचा भाग नकलेत ९९.५ भरतो. व्हर्नियर लावला की कळते. कडा बोथट असतात, बारीक रेषा बुजलेल्या असतात, स्क्रूची डोकी वेगळी असतात, साच्याच्या दोन पाट्या जुळतात तिथली रेघ बोटाला लागते. हल्ली मात्र नक्कलवाले संगणकावर मापे घेऊन मुद्दाम मोठ्या आकाराच्या प्रती काढतात. काहींचे प्लॅस्टिक खरोखर चांगले असते. ती घ्यायला हरकत नाही, पण नक्कल म्हणून आणि नकलेच्या भावाने.

तिसरी पायरी, सांधे. रूप बदलणाऱ्या खेळण्याचा जीव सांध्यात असतो. रोबो उभा करा आणि हात आडवा धरा. हळूहळू खाली आला तर सांधा सैल आहे. गोळीच्या सांध्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर देऊन, पूर्ण वाळवून बसवला की पकड येते. सांधा घट्ट असेल तर जोर करू नका, विशेषतः पारदर्शक भागांवर. तिथे पिनेभोवती बारीक तडा आधीच असतो, तो तुमच्या हातात पूर्ण होतो. आणि सोनेरी झाक असलेल्या जुन्या प्लॅस्टिकपासून सावध. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काही खेळण्यांत सोनेरी चमक मिसळलेले प्लॅस्टिक वापरले गेले. ते काही वर्षांनी बिस्किटासारखे भुगा होते. पेटीतून न काढलेलेही तुटते. अशी वस्तू विकत घेतली तर रूप बदलायचे नाही, फक्त बघायचे.

चौथी पायरी, पूर्णता. बंदूक, क्षेपणास्त्र, सुट्या मुठी, माहितीचे कार्ड. हे लहान भागच सर्वांत आधी हरवतात, म्हणून किंमत त्यांच्यावर ठरते. १९८५ पासून हॅस्ब्रोने खेळण्यांवर एक छोटा चौकोन लावला. बोटाने घासला की उष्णतेने त्यात चिन्ह उमटते. नकली मालापासून वेगळे दिसावे म्हणून ती युक्ती. तो चौकोन शाबूत आहे का तेही पाहतात.

पाचवी पायरी, हवामान. हा आपल्या किनाऱ्याचा खास प्रश्न. सातपाटी-केळव्याची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी आतले स्क्रू आणि पोलादी पिना गंजतात, स्टिकर सुटतात, बॅटरी पाझरते. ऊन लागले तर पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडते. म्हणून खिडकीजवळ ठेवू नका, बॅटऱ्या काढून ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दिवाळीच्या साफसफाईत त्या बदला. मऊ रबरी प्लॅस्टिकच्या पिशवीत खेळणे वर्षानुवर्षे ठेवले तर ते चिकट होते.

यानंतर शेवटी भाव. विकणारा काय मागतो तो भाव नव्हे, घेणाऱ्याने खरोखर काय मोजले तो भाव. शिवाय २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचे आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. देशी कारखान्यांना आधार मिळावा आणि मुलांच्या हाती सुरक्षित माल यावा हा त्यामागचा हेतू, आणि मोल्डिंगवाला म्हणून मला तो पटतो. संग्राहक म्हणून खिशाला चाट बसते, हेही खरे. पण त्यामुळे देशात आधीच असलेल्या जुन्या वस्तूंना मागणी आली.

हे सगळे मी एका कामासाठी पणाला लावले, ते आता सांगतो. आपल्याच तुकडीतला एक मित्र दोन वर्षांपूर्वी गेला. वहिनींच्या इच्छेनुसार नाव घेत नाही, तुम्ही ओळखालच. बोईसरच्या त्याच्या घरी एक पूर्ण कपाट भरून ही खेळणी होती. २००७ चा सिनेमा पाहून आल्यावर त्याला हा नाद लागला आणि सुटला नाही. दिवसकार्य आटोपल्यावर वहिनींचा फोन आला. भंगारवाल्याने किलोवर भाव सांगितला होता. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने फोटो पाहून सगळ्याचा मिळून एक आकडा कळवला होता आणि दोन दिवसांत उत्तर मागितले होते. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी तोंडावर आली होती. त्या म्हणाल्या, "भावजी, हे काय आहे ते मला कळत नाही. फसायचं मात्र नाही."

मी तीन रविवार तिथे बसलो. जमिनीवर चादर पसरली, एकेक वस्तू काढली. एकूण ८७ नग निघाले. तीन याद्या केल्या. पहिलीत पेटीसकट पूर्ण वस्तू, दुसरीत सुट्या पण धड, तिसरीत तुटक्या. व्यापाऱ्याचा आकडा माझ्या हिशेबाने पहिल्या यादीतल्या अकरा वस्तूंतच वसूल होत होता. उरलेल्या ७६ त्याला फुकट पडल्या असत्या.

पण कामाला सर्वांत जास्त उपयोग झाला तो कपाटाच्या खालच्या खणात सापडलेल्या दोनशे पानी वहीचा. प्रत्येक खेळण्याला एक पान. कधी, कुठून, कितीला घेतले, बिल चिकटवलेले, कुठला सांधा सैल, कुठला भाग नंतर बदलला. पानाची आखणी मी पाहताक्षणी ओळखली. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. सर, तुम्ही आठवीत प्रयोगवही लिहायला शिकवली, तीच ही आखणी. 'अनुमान' या शीर्षकाखाली एका पानावर त्याने लिहिले होते, "पैसे जास्त गेले." दुसऱ्या एका पानावर, "नक्कल आहे. तरी आवडला."

त्या वहीमुळे घेणाऱ्यांचा विश्वास बसला. कुठल्या वस्तूत काय दोष आहे हे आम्ही आधीच सांगत होतो, मालकाच्याच हस्ताक्षरात. नक्कल ती नक्कल म्हणून विकली. घासाघीस जवळजवळ झाली नाही. पुणे, बंगळुरू आणि मुंबईचे संग्राहक होते. पाच महिन्यांत पहिल्या दोन याद्या संपल्या. फी भरली गेली, पुढच्या वर्षाचीही सोय झाली. मी वहिनींना सुचवले होते की आठवण म्हणून एखादे चांगले, पेटीतले ठेवा. मुलगी म्हणाली, "काका, खेळणी द्या सगळी. वही मात्र आमच्याकडे राहू दे." घेणाऱ्यांना पानांच्या छायाप्रती दिल्या.

राहिली तिसरी यादी, तुटक्यांची. बाजारात त्यांना भाव नाही. मी वहिनींना विचारले आणि त्या पेट्या आज इथे घेऊन आलो आहे. मागे टेबलावर आहेत, एकूण २३ नग. माझी मुख्याध्यापिका बाईंना विनंती आहे की त्या विज्ञानाच्या प्रयोगशाळेत ठेवाव्यात. काचेआड, कुलपात नकोत. सोबत चार स्क्रूड्रायव्हर आणि एक व्हर्नियर देत आहे. मुलांनी ती खोलावीत. बिजागरी कशी असते, गोळीचा सांधा कसा फिरतो, दात्यांवर हात टक टक करत कसा थांबतो, एवढीशी स्प्रिंग कुठे लपवली आहे, हे पुस्तकातल्या आकृतीपेक्षा हातात लवकर कळते. ज्याने हे रचले त्याने एकाच वेळी दोन आकारांचा विचार केला. ट्रकचे दार रोबोची छाती व्हायला हवे आणि दोन्हीकडे कुठे काही अडायला नको. आपल्या एमआयडीसीतल्या टूलरूमला असाच विचार करणारी मुले हवी असतात, आणि ती मिळणे सोपे नसते, हे मी रोज पाहतो.

खोललेले पुन्हा जोडता आले नाही तरी चालेल. फक्त एक अट घातली आहे आणि ती वहिनींची आहे. जो विद्यार्थी एक नग खोलेल, त्याने एक पान लिहायचे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. त्यासाठी दोनशे पानी कोरी वही पेटीत ठेवली आहे.

आणि मित्रांनो, तुमच्या माळ्यावर, आईच्या जुन्या ट्रंकेत असे काही असेल तर भंगारात घालण्याआधी मला एक फोन करा. रविवारी मी घरीच असतो. व्हर्नियर घेऊन येईन, चहा तुमचा.