माहेरची नदी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. कार्यवाहबाईंनी “माहेरविषयी दोन शब्द बोला” असा आग्रह धरला, म्हणून उभी राहिले. माझे माहेर नागपूरचे, महालातले. माहेरचे कौतुक कोणाला आवडत नाही! पण आज सांगायची आहे ती गोष्ट जरा अडचणीची आहे.

नागपूरचे नाव नाग नदीवरून पडले असे सांगतात. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२ च्या सुमारास नदीकाठच्या वाड्या एकत्र करून ते वसविले. पुढे तेथे भोसल्यांची गादी आली आणि १८६१ पासून ते मध्यप्रांताची राजधानी झाले. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत ते राजधानीपण गेले. आता उपराजधानी म्हणून हिवाळी अधिवेशनापुरती धामधूम असते. त्याच १९५६ साली, धम्मदीक्षेसाठी नागपूरच का निवडले हे सांगताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाग लोकांचा आणि या नदीचा उल्लेख केला होता. एवढी मानाची नदी!

आणि आम्ही मुली तिला काय म्हणत असू? नाला! शाळेत जाताना पुलावर नाकाला रुमाल लावायचा, एवढीच तिची ओळख. घरात नळाला पाणी येई; मोरीतले पाणी कोठे जाते, हे मी कधी विचारले नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नदी घराघरांत शिरली, तेव्हा कोठे पुष्कळांना आठवले की ही नदी आहे.

माझी नणंद वैनगंगेच्या काठी दिलेली आहे. एकदा कार्तिकात तिच्याकडे गेले होते. आंघोळीला नदीवर जाऊ म्हटले, तर ती म्हणाली, “वहिनी, हे तुमच्याच गावचे पाणी. तुम्हीच उतरा!”

मी हसले, पण शब्द लागला. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान आपल्या जिल्ह्यात वैनगंगेला मिळते. पूर्वी ते पाणी निदान वाहून तरी जाई. आता गोसीखुर्दच्या धरणामागे साचून राहते. म्हणजे मी लग्न होऊन भंडारा जिल्ह्यात आले, त्याच्या कितीतरी आधी आमच्या मोरीतले पाणी येथे येऊन पोहोचले होते! आपण साकोलीकर चुलबंदीच्या काठचे, म्हणून आपल्याला त्याची झळ नाही. पण ज्यांची मासेमारी त्या पाण्यात, त्या धीवर बायांनी काय करावे?

नाग नदीच्या शुद्धीकरणाची सुमारे १,९२७ कोटींची योजना मंजूर झालेली आहे. मागच्या खेपेस भावजयीजवळ हा विषय काढला. ती म्हणाली, “मग काय, मोरी बुजवू?” मला उत्तर सुचले नाही. पण राखेचे खरकटे मोरीत न टाकता तिने बाजूला ठेवले, एवढे मी पाहिले.

नणंदबाई आज येथेच, मागच्या रांगेत बसल्या आहेत. यंदाचे कार्तिकातले दिवे त्या आपल्याकडे चुलबंदीत सोडणार आहेत.