पाषाणातील होकायंत्र

वासणा ज्या बडोद्यात आहे, त्याच्या पूर्वेस उभा असलेला पावागड सह्याद्रीप्रमाणेच सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडला. असा रस थिजल्यावर तापमान ५८० अंश सेल्सियसखाली उतरताच त्यातील मॅग्नेटाइटचे कण तत्कालीन चुंबकक्षेत्राची दिशा धारण करतात. विषुववृत्तावर ती आडवी, तर ध्रुवांकडे अधिकाधिक कललेली असते. त्या कलावरून अक्षांश निघतो. क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी १९५६ साली दख्खनच्या शिळांचे असे मापन प्रसिद्ध केले. ही भूमी त्या काळी दक्षिण गोलार्धात, सुमारे ३० अंशांवर ठरते. बडोदे तर आज २२ अंश उत्तरेस! शिक्षकांनी मात्र ध्यानी घ्यावे की, नमुना फोडण्यापूर्वी त्यावर उत्तर दिशा व उतार नोंदला नाही, तर तो निव्वळ दगडच. वीज पडलेल्या माथ्यावरील खडकही फसवतात. त्यांचे मूळ चुंबकत्व पालटलेले असते.