सोळाव्या वर्षीचं लायसन्स



शाळेच्या आठवणी सगळेच सांगताहेत, आणि माझ्यापेक्षा छान सांगताहेत. मी दहावीनंतरच्या एका कागदाबद्दल बोलते. गाडीच्या लायसन्सबद्दल.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने लायसन्ससाठी १८ वर्षांची अट घातली, पण एक सवलत ठेवली. गाडी बिनगिअरची आणि इंजिन ५० सीसीपर्यंतचं असेल, तर १६ व्या वर्षी लायसन्स मिळतं. आपल्या वेळची लूना त्यात बसायची. अर्जासोबत पालकांची लेखी संमती मात्र हवी.

आपल्या माणमध्ये ही संमतीच खरी परीक्षा होती. मुलाने गाडी मागितली की घरात पैशांचा हिशोब व्हायचा. मुलीने मागितली की चार लोक काय म्हणतील, याचा. माझ्या वडिलांनी सही केली ती हौसेने नाही. आमच्या वाडीवरून कॉलेजच्या वेळेची एसटी एकच. ती चुकली की दिवस बुडाला. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास मोफत मिळू लागला, ही मोठी गोष्ट झाली. पण पास हातात आणि गाडीचा पत्ता नाही, असं झालं तर करायचं काय? आपल्या वर्गातल्या कितीतरी जणींचं शिक्षण दहावीला थांबलं, ते मार्क कमी पडले म्हणून नाही. जायला-यायला साधन नव्हतं. त्यांतल्या काही जणी आज समोर बसल्या आहेत.

आता आपलीच मुलं त्या वयाची झालीत आणि किल्ली मागताहेत. कायद्यातली सवलत अजून आहे, पण ५० सीसीची पेट्रोल गाडी शोरूममध्ये शोधून सापडत नाही. ॲक्टिव्हा ११० सीसीची. म्हणजे १६ वर्षांची मुलगी तिच्यावर बसली, तर ती विनालायसन्सच.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. अपघात झाला तर भरपाईची रक्कम विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. माझ्याच क्षेत्रातली मुलं ती. तिकडे पोर्शे, इकडे बापाची स्प्लेंडर. समोरून येणाऱ्याला काय फरक पडतो?

पण नुसतं "किल्ली मिळणार नाही" म्हणून आपण सुटत नाही. मुलगा तरी कुणाच्या मागे बसून जाईल. मुलगी घरी बसेल. म्हणून दोन गोष्टी सुचवते.

एक, कोणत्या वाडीवरून किती मुली कॉलेजला येतात आणि एसटी किती वाजता येते, याची यादी आपण करू आणि दहिवडी आगाराला बॅचच्या नावाने निवेदन देऊ. यादी करायचं काम माझं. तेवढं तरी आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना जमतं.

दोन, दरवर्षी १८ पूर्ण करणाऱ्या मुलींना लायसन्स काढायला आपण मदत करू. शिकाऊ लायसन्सची परीक्षा आता घरबसल्या ऑनलाइन देता येते. मी सॉफ्टवेअरमधली, मला ही सोय आवडते. पण उतारावर ब्रेक कसा लावायचा, हे स्क्रीनवर कळत नाही. ते शेजारी उभं राहून शिकवावं लागतं. इथे बसलेल्या ज्या मैत्रिणी रोज गाडी चालवतात, त्यांनी सुट्टीतले दोन रविवार द्यावेत. हेल्मेट बॅचच्या निधीतून देऊ.

आपल्या वडिलांना त्या सहीसाठी फार विचार करावा लागला. आपण तेवढा वेळ घेऊ नये. वय भरेपर्यंत किल्ली नाही, आणि वय भरलं की मुलीच्या अर्जासाठी आपणच तिच्याबरोबर जायचं.