दुसऱ्या आठवड्याचे दुखणे



 

‘कंबरदुखी आणि तंत्रज्ञान’ हा विषय पुण्यात मांडला असता तर बोलणे खुर्चीपासून सुरू झाले असते. मानवतमध्ये ते कापसापासूनच सुरू करावे लागते. पाऊस पडला की सरकी टोबायची, मग निंदायचे-खुरपायचे, दिवाळीच्या मागेपुढे वेचणी. यातले बरेचसे काम बायका वाकून करतात. पुढे मोंढा आणि जिनिंग आले की हमालाची पाठ. वेचणीची मजुरी बहुधा किलोवर मिळते, म्हणजे कंबर सरळ करायला थांबलेली पाच मिनिटेसुद्धा फुकट नसतात. अशा बाईच्या हातात आपण फिजिओथेरपिस्ट व्यायामाचा छापील कागद देतो आणि सांगतो, ‘दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा.’ पहिले चार दिवस ती करते. दुसऱ्या आठवड्यात दुखणे थोडे कमी होते किंवा कामाचा रेटा वाढतो, आणि कागद देव्हाऱ्यामागे जातो.

माझे सारे म्हणणे या दुसऱ्या आठवड्याबद्दल आहे. व्यायाम कोणता, हा आपल्या धंद्यातला आवडता वाद. पण जुनाट कंबरदुखीत एक प्रकारचा व्यायाम दुसऱ्याहून फार सरस ठरल्याचे दिसत नाही. खरी अडचण व्यायाम टिकण्याची आहे.

हे दुखणे किती पसरले आहे? 2020 मध्ये जगात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि 2050 पर्यंत हा आकडा 84 कोटींपलीकडे जाईल असा अंदाज आहे. डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांना जागा आहे. कमरेचा पट्टा आणि वजन लावणे यांची मात्र नेहमीचा उपचार म्हणून शिफारस नाही. वजन लावायचे टेबल अजून कोणाकोणाच्या दवाखान्याचे भाडे फेडते, हे मी इथे हात वर करायला लावून विचारणार नाही.

‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्यही आपणच गावोगाव पोचवले. काहीही दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन तपासणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या चकत्यांत झीज दिसली होती. गॅपची धास्ती घेतलेली बाई वाकायला घाबरते, हालचाल आवरते, आणि दुखणे मुक्कामाला राहते. ही भीती कोणतेही अ‍ॅप आपोआप काढत नाही. ती आपल्या तोंडून गेली, आपल्याच तोंडून परत घ्यावी लागेल.

आता यंत्राकडे येतो. साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिले की आजची प्रणाली शरीरावरचे तेहतीस बिंदू ओळखते, गुडघा किती वाकला ते मोजते आणि चुकले तर टोकते. कौतुकाची गोष्ट आहे. पण साडी किंवा लुगडे नेसलेल्या बाईचा खुबा आणि गुडघा कॅमेऱ्याला अंदाजानेच धरावा लागतो. खोलीत उजेड कमी, फोन मुलाच्या खिशात, आणि सूचना इंग्रजीत. शिवाय तो व्हिडिओ कुठे साठतो, हे विचारायचा तिला हक्क आहे. त्यासाठी 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही आहे, पण तिच्या वतीने विचारणार कोण? आपणच.

पुरावा काय म्हणतो? डेन्मार्क आणि नॉर्वेत 461 रुग्णांवर ‘सेल्फबॅक’ या अ‍ॅपची चाचणी झाली आणि 2021 मध्ये निष्कर्ष आले. दर आठवड्याला चालणे, व्यायाम आणि माहिती यांचा बेत ते अ‍ॅप रुग्णागणिक आखून देई. तीन महिन्यांनी फायदा दिसला, पण 24 गुणांच्या मापावर एका गुणाहूनही कमी. जर्मनीत 2020 पासून डॉक्टर अशी अ‍ॅप लिहून देतात आणि विमा पैसे भरतो. आपल्याकडे तो पैसा रुग्णाच्या कनवटीचा आहे, म्हणून एका गुणाच्या फायद्याचा भावही आपणच विचारला पाहिजे.

याच्या शेजारी ऑस्ट्रेलियातली 2024 ची चाचणी ठेवा. कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले 701 लोक. निम्म्यांना फिजिओथेरपिस्टने चालण्याचा कार्यक्रम आखून दिला, समजावले, सहा महिने पाठपुरावा केला. दुखणे उलटायला त्यांना मध्यम हिशेबाने 208 दिवस लागले, इतरांना 112. तिथे कॅमेरा नव्हता. विचारपूस करणारा माणूस होता.

म्हणून माझा निवाडा असा. पहिली तपासणी हातानेच व्हावी. लघवीवरचा ताबा गेलेला, पायातली ताकद कमी होत चाललेली, ताप आणि वजन घटण्यासोबतचे दुखणे, ज्यामागे मणक्याचा क्षय असू शकतो, अशा रुग्णाला अ‍ॅपच्या हवाली करणे हा गुन्हा समजा. यंत्राचे काम त्यानंतरचे: दोन भेटींच्या मधले. आणि त्यासाठी महागडे अ‍ॅप लागत नाही. आपल्या परभणीच्या बोलीत दोन मिनिटांचा आवाजी निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ शकतो. पात संपली की धुऱ्यावर कमरेवर हात ठेवून चार-पाचदा मागे वाकायचे, ज्याला त्याने बरे वाटते त्यानेच, हे त्यात सांगता येते. निरोप पहाटे किंवा दिवेलागणीनंतर जावा, भर वेचणीत नव्हे. आणि दहाव्या दिवशी फोन करावा, तोही स्वतः.

माझी एकच मागणी आहे. या हंगामात प्रत्येकाने दवाखान्यात एक वही ठेवावी. ज्यांना निरोप आणि फोन गेला त्यांतले किती जण सहा आठवड्यांनी व्यायाम करत होते आणि नुसता कागद नेलेल्यांतले किती, एवढेच त्यात लिहावे. नाव-गाव नको. पुढच्या अधिवेशनाला येताना शोधनिबंध नाही आणला तरी चालेल, ती वही मात्र घेऊन या.