नातवंडांना घेऊन क्रूझला जाताना

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये सभासदांनी केलेल्या भाषणांपैकी एक)



कमिटीने सांगितलं, प्रत्येकाने आपल्या अनुभवातलं काहीतरी बोलायचं. मी शाळेत भूगोल शिकवायचे, तेव्हा मॉन्सूनवर बोलावं असं आमच्या ह्यांचं मत होतं. पण गेल्या वर्षभरात लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, गच्चीवर मला एकच प्रश्न विचारला गेलाय: "काकू, तुम्ही दोनदा क्रूझला जाऊन आलात ना? आमचं पिल्लू दीड वर्षाचं आहे. न्यावं का? कुठली केबिन घ्यावी?" म्हणून आज सगळ्यांना एकदमच सांगून टाकते.

आमचा मुलगा आणि सून नोकरीसाठी सिंगापूरला असतात. तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. तिथून पेनांग आणि फुकेतला जाऊन परत येणारी चार रात्रींची क्रूझ मुलाने ठरवली. नात तेव्हा दोन वर्षं दहा महिन्यांची, नातू अकरा महिन्यांचा. दोन केबिन घेतल्या. सगळ्यात स्वस्त, बिनखिडकीच्या, आणि त्यातही 'गॅरंटी' नावाच्या दरात. गॅरंटी म्हणजे काय, तर तुम्ही फक्त प्रकार निवडायचा, नंबर कंपनी देणार. मुलगा म्हणाला, "आई, केबिनमध्ये फक्त झोपायचंच असतं. दिवसभर आपण बाहेरच असणार." मलाही पटलं.

मंडळी, इथेच आमचं चुकलं. मोठ्या माणसांच्या बाबतीत ते वाक्य खरं आहे. पण लहान मूल दुपारी दोन तास झोपतं आणि रात्री आठला परत झोपतं. ते झोपलं की कुणीतरी त्याच्यापाशी बसावं लागतं. म्हणजे त्या घरातलं एक माणूस रोज सहा-सात तास त्या दीडशे चौरस फुटांत, दिवा मालवून, आवाज न करता बसणार. ते माणूस कोण, हा प्रश्न बुकिंग करताना आम्ही कुणी विचारलाच नाही.

आमची केबिन एका मजल्यावर पुढच्या टोकाला, त्यांची दुसऱ्या मजल्यावर आणि नेमकी नाटकगृहाच्या डोक्यावर. दुपारी मुलं झोपायची वेळ झाली की खाली बँडची तालीम सुरू. पाळणा मागवायचा तो बुकिंगच्या वेळी, हे आम्हाला माहीत नव्हतं. आयत्या वेळी सांगितल्यावर रात्री आला, आणि मांडला तर बाथरूमचं दार अर्धंच उघडेना. तलावात जावं तर डायपरमधल्या मुलांना मनाई. पोहण्याचे वेगळे डायपर मिळतात, तेही बहुतेक बोटींवर चालत नाहीत. मुलांच्या क्लबमध्ये जावं तर तीन वर्षं पूर्ण हवीत आणि डायपर सुटलेला हवा. आमची नात दोन महिन्यांनी हुकली.

शेवटच्या रात्री मी शो अर्धा टाकून त्यांच्या केबिनवर गेले. दार हळूच उघडलं. आत मिट्ट काळोख. दोन्ही मुलं झोपलेली, आणि सून बाथरूममध्ये, कमोडचं झाकण लावून त्यावर बसलेली. मांडीवर गार झालेल्या नूडल्सची ताटली. बाहेर दिवा लावला तर मुलं उठतात म्हणून ती तिथे बसली होती. चारही रात्री तिथेच बसली होती. मी काही बोलायच्या आत तीच कुजबुजली, "आई, तुम्ही जा ना शोला. मी आहे इथे. मला सवय आहे."

"मला सवय आहे" हे शब्द घेऊन मी मुंबईला परत आले. पैसे सहा जणांचे भरले होते, सुट्टी पाच जणांची झाली होती. आणि त्या पाच जणांत मीही होते.

त्यामुळे गेल्या वर्षी मे महिन्यात परत जायचं ठरलं तेव्हा मी मुलाला म्हटलं, "ह्या वेळी केबिन मी निवडणार." आणि मी ती कशी निवडली माहितीये? आपण पंचवीस वर्षांपूर्वी इथला फ्लॅट निवडला तशी.

आठवा जरा. बिल्डरच्या ऑफिसात नकाशा पसरून आपण काय काय बघितलं होतं? गच्चीखालचा नको, गळतो. पंपाशेजारचा नको, आवाज येतो. लिफ्टच्या अगदी समोरचा नको. बोटीचाही असाच नकाशा मिळतो. त्याला डेक प्लॅन म्हणतात. नुसता आपल्या मजल्याचा बघू नका, वरच्या आणि खालच्या मजल्याचाही बघा. तलावाच्या डेकखालची केबिन नको, पहाटेपासून खुर्च्या सरकवतात. नाटकगृह, डिस्को, स्वयंपाकघर यांच्या वरची-खालचीही नको. वरही केबिन आणि खालीही केबिन, अशी मधली बघा.

दुसरं, बोटीचा मधला भाग आणि खालचे मजले घ्या. आपल्या बागेतल्या सी-सॉवर मुलं टोकाला बसली की वर-खाली होतात, मधला दांडा जागचा हलत नाही. बोटीचंही तसंच. लाटा असतील तेव्हा टोकाच्या आणि वरच्या मजल्यावरच्या केबिन जास्त हलतात.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: आपल्याला 'कनेक्टिंग' केबिन हव्यात. बुकिंगवाली मुलगी मला फोनवर म्हणाली, "हो मॅडम, शेजारी-शेजारी दिल्यात." मी म्हटलं, "शेजारी म्हणजे आतून दार आहे का?" तर नव्हतं! शेजारच्या केबिन वेगळ्या आणि आतून दार असलेल्या वेगळ्या. दाराच्या केबिनना नकाशावर खूण असते, ती स्वतः बघून मगच पैसे भरा. उलट तुम्ही एकच केबिन घेणार असाल, तर असं दार असलेली टाळा. पलीकडचा अनोळखी माणूस खोकला तरी मूल उठतं.

चौथं, बाल्कनी. बाल्कनीचे पैसे समुद्र बघायला जातात असा आपला समज असतो. लहान मुलं असतील तर ते पैसे संध्याकाळसाठी असतात. मुलं आत झोपली की आई-बाप बाहेर बसून बोलू शकतात, दिवा लावू शकतात, चहा पिऊ शकतात. बाथरूममध्ये बसावं लागत नाही.

पण बाल्कनीबद्दल एक गोष्ट कान उघडून ऐका. कठडा पुरेसा उंच असतो. अमेरिकेत २०१० साली झालेल्या कायद्यात तर बेचाळीस इंच हे मापच घालून दिलंय. मूल त्याच्यावरून सहज जात नाही. पण तिथे खुर्ची असते आणि छोटं टेबल असतं. पहिल्याच संध्याकाळी मी आत बॅग लावत होते आणि दार नीट लागलेलं नव्हतं. मागे घासल्याचा आवाज आला म्हणून वळले, तर सव्वादोन वर्षांचे आमचे नातूसाहेब टेबल ढकलत कठड्याजवळ घेऊन चालले होते. वर चढायला त्याला अजून एक मिनिट पुरलं असतं. मी त्याला उचललं आणि तशीच खाली जमिनीवर बसले, पाय लटपटत होते. नंतर केबिन सांभाळणाऱ्या मुलाला बोलावून टेबल बाहेरून काढायला लावलं. दाराची वरची कडी मोठ्या माणसानेच काढायची, आणि मुलं जागी असताना खुर्च्या आत, असा नियम केला. हे पाळणं तुम्हाला जमणार नसेल तर न उघडणारी खिडकी असलेली केबिन घ्या. उजेडही मिळतो आणि जीवही थाऱ्यावर राहतो.

आता केबिनच्या आधीचे प्रश्न. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत. मोठा महासागर ओलांडणाऱ्या सफरींना बारा महिने लागतात. घरात दुसऱ्या बाळाची चाहूल असेल तर गरोदरपणाचे चोवीस आठवडे ही मर्यादा साधारण सगळीकडे आहे, आणि ती परतीच्या दिवशी मोजतात. तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो.

पहिल्यांदा जाताना तीन-चार रात्री पुरेत. आपल्या मुंबईहून कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' २०२१ पासून गोवा, लक्षद्वीपकडे जाते, त्यात विमानाची दगदग नाही. सिंगापूरला जाणार असाल तर तिथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. एक दिवस आधी पोचा, म्हणजे मुलांची झोप जागेवर येईल. जिथे बोट धक्क्याला लागत नाही, तिथे छोट्या होडीने किनाऱ्यावर नेतात. कडेवर मूल आणि हातात बाबागाडी घेऊन त्या होडीत उतरणं कठीण, म्हणून थेट धक्क्याला लागणारी बंदरं किती, ते विचारा. आणि भूगोलाच्या बाईंचं एवढं ऐका, पावसाळ्यात अरबी समुद्राच्या वाटेला मुलांना घेऊन जाऊ नका.

मूल तीन वर्षांखालचं असेल तर पाळणाघर असलेली बोट शोधा. काही बोटींवर ते असतं. डिस्नेच्या बोटींवर सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना ताशी पैसे घेऊन सांभाळतात. जागा थोड्या असतात, म्हणून आधी नोंदवाव्या लागतात. डायपरवाल्यांसाठी वेगळी पाण्याची जागा आहे का, तेही विचारा. केबिनमध्ये बहुधा नुसता शॉवर असतो. ज्यांचं बाळ शॉवरला घाबरतं त्यांनी हवा भरायचा छोटा टब न्यावा, आम्ही नेला. जेवणाच्या दोन पंगती असतील तर पहिली घ्या. आदल्या रात्री वाढणाऱ्याला सांगून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी साधा मऊ भात आणि दही मिळतं. भिंतीतून खाली येणारा वरचा पलंग मुलांना फार आवडतो, पण एवढ्या लहानांना तो देऊ नका. आणि डायपर घरूनच मोजून न्या.

शेवटचा मुद्दा माझ्या सासूबाईंचा. त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत, माहेर रेवसकडचं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यांच्या गावात त्या दिवशी काय झालं ते त्या अजून सांगत नाहीत. आम्ही निघताना फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "पोरांच्या मापाचं जाकीट असतं का गं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मग शोधलं. टायटॅनिक बुडाल्यानंतर जगातल्या देशांनी मिळून बोटींच्या सुरक्षेचे नियम केले, ते सुधारत सुधारत आजपर्यंत आलेत. त्यानुसार चोवीस तासांहून मोठ्या सफरीत बोटीवर जितकी तान्ही मुलं, तितकी त्यांच्या मापाची जाकिटं असावीच लागतात. तान्हं म्हणजे पंधरा किलोच्या आतलं, त्यावरच्या मुलांचं माप वेगळं. पण ती प्रत्येक केबिनमध्ये ठेवलेली असतीलच असं नाही. बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या मागून घ्या, एकदा घालून बघा. सुरुवातीला सुरक्षेची माहिती देतात तेव्हा सेल्फी काढत बसू नका. आपलं जमायचं ठिकाण कुठलं ते मुलांना कडेवर घेऊन एकदा चालून या. मी नातवाचा जाकीट घातलेला फोटो सासूबाईंना पाठवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण नंतर नणंदेने सांगितलं की तो फोटो त्यांनी दिवसभर जवळ ठेवला होता.

तर ह्या दुसऱ्या खेपेला खर्च जवळजवळ दुप्पट आला, हे लपवत नाही. मुलगा कुरकुरला. मी म्हटलं, "एक रात्र कमी कर, पण दार असलेल्या केबिन घे." चारच्या तीन रात्री केल्या. मुलं आमच्या केबिनमध्ये झोपली, मधलं दार उघडं. ह्यांच्या घोरण्याने ती उठतील अशी मला भीती होती. ती नाही उठली, मीच उठले.

दुसऱ्या रात्री मुलगा आणि सून दोघंच जेवायला आणि शोला गेले. मी बाल्कनीत शाल घेऊन बसले होते. साडेअकराला मधल्या दारातून सून आली, दोन्ही मुलांची पांघरुणं नीट केली आणि बाहेर येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. मला वाटलं शोबद्दल काही सांगेल. ती म्हणाली, "आई, आज मी गरम जेवले. सूपपासून आइस्क्रीमपर्यंत. मधे एकदाही उठले नाही."

तेव्हा मंडळी, कुठली बोट, कुठला मजला, बाल्कनी की खिडकी, हे सगळं विचाराच. पण सगळ्यांत आधी घरात बसून एक विचारा, मुलं झोपल्यावर जागं कोण राहणार? आज एकाची पाळी, उद्या दुसऱ्याची, असं ठरवता येत असेल तरच तिकिटं काढा. आणि घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांनी आपली रात्र न मागता देऊन टाकावी. आम्हाला शो नाही पाहिला तरी चालतो. आम्हाला खरंच सवय आहे.