हातगाडीवरील नोंद

भारतातील कोणत्याही मोठ्या शहराच्या भाजीबाजारात आज हातगाडीच्या दांड्याला एक चौकोनी पत्रक बांधलेले आढळते. त्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची जाळी असते. गिऱ्हाईक आपला मोबाईल तिच्यासमोर धरते, आणि क्षणभरात विक्रेत्याच्या खात्यात पैसे जमा होतात. ही जाळी 1994 साली जपानमधील डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची मोजदाद ठेवण्यासाठी तयार झाली. ती पुढे मेथीच्या जुड्यांचा हिशेब करील, असे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी असण्याचे कारण नव्हते.

लहान व्यावसायिकाला डिजिटल व्यवहारात आणण्यासाठी शासन साह्य करते म्हणजे काय करते, असा प्रश्न विचारला की सामान्यतः यंत्रे, केंद्रे आणि प्रशिक्षण-वर्ग यांची यादी पुढे ठेवली जाते. ती यादी खोटी नव्हे. तथापि हातगाडीच्या बाबतीत निर्णायक ठरले ते यंत्राचे वाटप नव्हे. रिझर्व्ह बँक आणि बँकांची संघटना यांच्या पुढाकाराने 2008 साली राष्ट्रीय देयक महामंडळ स्थापन झाले आणि या महामंडळाने 2016 साली यूपीआय ही व्यवस्था उभी केली. कोणत्याही बँकेतील खात्यातून दुसऱ्या कोणत्याही बँकेतील खात्यात तत्काळ पैसे नेणारा हा सामाईक मार्ग होय. पुढे 1 जानेवारी 2020 पासून या मार्गाने पैसे स्वीकारणाऱ्या व्यापाऱ्याकडून बँकेने काहीही कापून घेऊ नये, असे ठरले. कार्डाने पैसे घेणाऱ्या दुकानदाराच्या रकमेतून बँका शेकडा काही भाग वळता करून घेतात. कापडाच्या व्यापाऱ्याला तो सोसतो, परंतु कोथिंबीर विकणाऱ्याचा नफाच मुळी तेवढा असतो. हा भार नाहीसा झाला, म्हणून पत्रक हातगाडीवर चढले. ऑगस्ट 2025 मध्ये या मार्गावरील एका महिन्यातील व्यवहारांची संख्या 2000 कोटींच्या पुढे गेली.

अर्थात फुकट असे काही नसते. मार्गाच्या देखभालीचा खर्च कोणी तरी करावाच लागतो, आणि त्याचा काही भाग शासन उचलते. 2024-25 या वर्षासाठी 1500 कोटी रुपये मंजूर झाले. लहान व्यापाऱ्याकडील 2000 रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर शेकडा 0.15, म्हणजे शंभर रुपयांच्या टोमॅटोमागे 15 पैसे, असे ते प्रमाण होते. हे पैसे विक्रेत्याला मिळत नाहीत, ते संबंधित बँका आणि अ‍ॅप चालविणाऱ्या कंपन्या यांच्यात वाटले जातात. ही रक्कम पुरेशी नाही अशी बँकांची तक्रार असते. ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

परंतु फेरीवाल्याच्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे, आणि ती म्हणजे नोंद. पिढ्यानपिढ्या हा मनुष्य कोणत्याही वहीत नव्हता. नगरपालिकेच्या दप्तरात तो आढळे तो अतिक्रमण म्हणून. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने प्रथमच देशभर त्याच्या सर्वेक्षणाची, विक्री-प्रमाणपत्राची आणि नगर विक्रेता समितीची तरतूद केली. या समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असेही कायद्यात लिहिले. अंमलबजावणी मात्र रेंगाळली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली तेव्हा असंख्य विक्रेत्यांजवळ आपण विक्रेते आहोत एवढे सांगणारा कागदसुद्धा नव्हता.

त्या काळात, 1 जून 2020 रोजी, पंतप्रधान स्वनिधी योजना सुरू झाली. 10000 रुपये, तारण नाही, बारा हप्त्यांत फेड, वेळेवर फेडल्यास व्याजात 7 टक्के अनुदान, आणि फेडीनंतर अनुक्रमे 20000 व 50000 रुपयांचे पुढील कर्ज, असे तिचे स्वरूप होते. प्रमाणपत्र नसलेल्यांना स्थानिक संस्थेचे शिफारसपत्र चालेल, अशी सोय ठेवण्यात आली. सकाळी हजार रुपये उचलून संध्याकाळी अकराशे परत करावयाचे, ही सावकारी तऱ्हा ज्यांच्या अंगवळणी पडलेली आहे, त्यांना या योजनेचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

या कर्जाला डिजिटल व्यवहाराची जोड देण्यात आली होती. महिन्यात 50 व्यवहार झाले तर 50 रुपये, शंभर झाले तर 75, आणि दोनशे झाले तर 100 रुपये विक्रेत्याच्या खात्यात परत येत. मात्र व्यवहार किमान 25 रुपयांचा असावा लागे. दहा रुपयांचा चहा विकणाऱ्याने दिवसभरात शंभर पेले दिले तरी ते या हिशेबात धरले जात नसत. नियम करणाऱ्याची नजर आणि रस्त्यावरची नाणी यांच्यातील अंतर अशा बारीकसारीक आकड्यांतूनच उघड होते. तरीही योजनेमागील विचार बरोबर होता. ज्याच्यापाशी जमीन नाही, घराचा कागद नाही, त्याच्या रोजच्या विक्रीची नोंद हीच त्याची पत व्हावी, असा तो विचार होय.

आणि याच ठिकाणी अडचण उभी राहते, कारण पत ठरविणारी नोंद करही ठरवू शकते. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात हे प्रत्यक्ष घडले. राज्याच्या वाणिज्य कर विभागाने मागील चार वर्षांच्या यूपीआय जमेवरून हजारो लहान व्यापाऱ्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा धाडल्या. त्यांत भाजी, दूध, पाव विकणारेही होते. बेंगळूरुच्या दुकानांवर आणि गाड्यांवरचे चौकोनी पत्रक उतरले, आणि फक्त रोख पैसे घेतले जातील, अशा पाट्या लागल्या. बंदचीही हाक देण्यात आली. अखेर जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही, मात्र नोंदणीस पात्र असलेल्यांनी नोंदणी करावी, असे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले.

कर विभागाची बाजू कायद्याच्या शब्दाला सोडून होती असे नाही. माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या वर गेली की नोंदणी आवश्यक ठरते. वर्षाचे 40 लाख म्हणजे दिवसाचे सुमारे 11000 रुपये, आणि वर्दळीच्या नाक्यावरील दूध-पावाच्या दुकानाला ही रक्कम अशक्य नाही. परंतु उलाढाल म्हणजे मिळकत नव्हे, हे दुकानदाराला जेवढे स्वच्छ ठाऊक असते तेवढे खात्यातील आकड्याला ठाऊक नसते. त्याच खात्यात मेहुण्याने परत केलेली उसनवारी आणि भिशीची रक्कमही जमा होते. शिवाय ताजी भाजी, फळे, दूध हा माल करमुक्त आहे आणि निव्वळ असाच माल विकणाऱ्याला नोंदणीची आवश्यकता नाही. तोच मनुष्य दुधाशेजारी बिस्किटांचे पुडे ठेवू लागला की मर्यादेसाठी दोन्हींची बेरीज धरली जाते. हे त्याला कोणी सांगितले होते काय? पत्रक चिकटविण्यासाठी कंपन्यांची माणसे दारोदार आली, आणि त्यामागील नियम सांगण्यासाठी मात्र नोटीस आली. घाबरलेला विक्रेता रोखीकडे परतला तर कराची रक्कम वाढत नाही, आणि कर्ज मिळवून देणारी त्याची नोंद मात्र तुटते. शासनाच्या एका हाताने चार वर्षांत जे जोडले ते दुसऱ्या हाताने एका आठवड्यात सैल केले.

हे झाले नोंदीत आलेल्यांविषयी. जे तिच्या बाहेर राहिले त्यांचा प्रश्न याहून जुना आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण 33 टक्के आणि पुरुषांचे 57 टक्के आढळले. स्वतः वापरण्यासाठी मोबाईल असलेल्या स्त्रिया 54 टक्के होत्या. बाजारात बसणाऱ्या मावशींच्या टोपलीवर पत्रक दिसते, पण पुष्कळदा त्यामागील खाते मुलाचे किंवा जावयाचे असते. विक्री तिची, नोंद त्याची, आणि उद्या मिळणारी पतही त्याचीच. साध्या, बटणांच्या मोबाईलवरून इंटरनेटशिवाय पैसे देण्याघेण्याची सोय मार्च 2022 मध्ये सुरू झाली, हे खरे. परंतु हे खाते कोणाच्या नावावर असावे, हा प्रश्न तंत्राने सुटण्यासारखा नाही. तो घरात सुटावयाचा आहे.

काहींच्या बाबतीत यंत्रच दार अडविते. खाते उघडताना माणूस जिवंत व समोर आहे हे पटविण्यासाठी कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करावी लागे. आम्लहल्ल्यात पापण्या गमावलेल्या स्त्रियांना ते करता येत नसे, आणि दृष्टिहीनांना आपला चेहरा चौकटीत आला की नाही हेच कळत नसे. सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी या प्रकरणी निकाल दिला आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. ओळख पटविण्याच्या पद्धती अशा व्यक्तींना वापरता येतील अशा कराव्यात, म्हणून न्यायालयाने 20 निर्देश दिले.

ऑगस्ट 2025 मध्ये स्वनिधी योजनेची फेररचना होऊन कर्जवाटपाची मुदत मार्च 2030 पर्यंत वाढविण्यात आली. पहिले कर्ज 15000 व दुसरे 25000 रुपयांचे झाले, आणि दुसरे कर्ज फेडणाऱ्यास यूपीआयशी जोडलेले उधारीचे कार्ड देण्याचे ठरले. डिजिटल कौशल्याच्या व अर्थसाक्षरतेच्या प्रशिक्षणाचाही तीत समावेश आहे. या प्रशिक्षणात कराविषयी दोन शब्द सांगण्यास फार वेळ लागणार नाही. हातगाडीवरील पत्रकाची मागची बाजू कोरीच असते. करमुक्त मालाची यादी आणि 40 लाखांच्या मर्यादेचा अर्थ विक्रेत्याच्या भाषेत तेवढ्या जागेत सहज मावेल.