मनीऑर्डर, रापण आणि मत



माणसाचं पोट कशावर चालतं हे कळलं की त्याचं मत कुठे जाईल याचा अंदाज येतो, असं आम्ही मालवणकडची माणसं धरून चालतो. अंदाज पुष्कळदा चुकतो, तरी तो सोडवत नाही.

आमच्या जुन्या राजापूर लोकसभा मतदारसंघाचं बघा. १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पै आणि १९७१ पासून प्रा. मधु दंडवते, असे १९९१ पर्यंत इथून समाजवादीच लोकसभेवर गेले. १९८४ च्या काँग्रेस लाटेतही दंडवते टिकले. श्रेय आपण त्यांच्या वक्तृत्वाला देतो, आणि ते होतंच तसं. पण ऐकणारा कोण होता? घरचं भात वर्षभर पुरत नव्हतं, बाकीचं मुंबईच्या मनीऑर्डरवर. गिरणीत युनियन पाहिलेला आणि एसटीत हाडं खिळखिळी झालेला चाकरमानी गणपतीला गावी यायचा. कोकणाला रेल्वे हवी, हे त्याला भाषणातून पटवावं लागत नव्हतं.

१९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या मोडल्या. पुढची मुंबईकर पोरं शिवसेनेच्या शाखेत वावरली आणि गावी येताना शाखा घेऊनच आली. १९९० साली मालवणात शिवसेनेचे नारायण राणे आमदार झाले. २००५ मध्ये पक्षाशी त्यांचं फाटलं, त्यांनी काँग्रेसकडून पोटनिवडणूक लढवली, आणि मालवणाने पुन्हा त्यांनाच निवडून दिलं. पक्षापेक्षा माणूस मोठा, हा आमच्याकडचा जुना हिशेब.

किनाऱ्यावर मात्र हिशेब वेगळा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं; ते ओढायला अख्खी वाडी लागते आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. पण मासळी किनाऱ्याशी आली तर! यांत्रिक बोटींच्या पर्ससीन जाळ्यांनी थवाच बाहेर समुद्रात उचलला, तर रापणकराच्या जाळ्यात शेवाळ येतं. त्यातून किती भांडणं झाली, किती मोर्चे निघाले, ते तुम्ही पाहिलंच आहे. पर्ससीनवर निर्बंध घालणारा शासनाचा आदेश २०१६ मध्ये निघाला, २०२१ मध्ये कायदा कडक झाला. आता गंमत अशी, की रापणकर आणि पर्ससीनवाला दोघेही एकाच पक्षात असू शकतात. म्हणून सगळेच पक्ष व्यासपीठावरून पारंपरिक मच्छीमारांच्या पाठीशी असतात, आणि पुढे कुणी फारसं बोलत नाही.

त्यात तारकर्ली-देवबागला पर्यटन आलं. बाप होडीवर, मुलगा स्कूबाच्या बोटीवर, सून घरगुती खानावळ सांभाळते. बापाला मासळीची चिंता, मुलाला चिपी विमानतळावरच्या विमानांची, सुनेला सीआरझेडच्या किनारा नियमांत अडकलेल्या खोलीच्या परवानगीची. एका घरात तीन मतं पडली तर नवल कसलं?

आणि राजकारणात रस कुणाला, हेही दिनक्रमच ठरवतो. पहाटे समुद्रात जाणारा रात्रीच्या सभेत किती वेळ बसणार? बाजारात मासे विकणाऱ्या बाईला तर सभेचं आमंत्रणही पोचत नाही. ज्याच्या दुकानात संध्याकाळी दोन बाकं असतात, तो वाडीचं मत सांगतो. आंगणेवाडीच्या जत्रेला भराडीदेवीच्या दर्शनाला येणारे पुढारीही अशाच माणसांना भेटून परततात.

तेव्हा पुढच्या खेपेला उमेदवार वाडीत आला, तर झेंड्याचं राहू द्या. पर्ससीनवर नजर ठेवायला राज्याच्या हद्दीत, बारा सागरी मैलांच्या आत, रात्री गस्त कोण घालणार आणि मासळी बाजारात बायकांसाठी पाणी व शौचालय कधी होणार, एवढं विचारा. आणि विचारायला घरातल्या बाईलाच पुढे करा.